घुमटाखालच्या वाकळा

आमच्या तालुक्याची कचेरी जागीरदाराच्या गाण्याच्या महालात भरायची, ह्याचं मला पहिल्यापासून हसू यायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जागिरी गेल्या, जागीरदार बिऱ्हाड गुंडाळून हैदराबादला गेले आणि इमारत मोकळी दिसली म्हणून सरकारनं तहसील तिथं नेऊन घातली. वर भला मोठा घुमट, त्याला आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा, खाली तांबडी फरशी. गवयाचा सूर लवकर विरू नये म्हणून बांधलेली जागा ती. तिथं आता कारकून बसले, टाइपरायटर आला, अर्जदारांची रांग लागली. एकानं शिंक दिली तर ती घुमटात चढायची, फिरायची आणि सगळ्यांच्या डोक्यावर पुन्हा येऊन पडायची.

मी अर्जनवीस, उद्धवराव. अंगणातल्या लिंबाखाली माझी पेटी आणि सतरंजी. आधी उर्दूत अर्ज लिहीत होतो, मग म्हणाले मराठीत लिहा, कानडीत लिहा, इंग्रजी येत असंल तर अजून बरं. लिहिले. सरकार बदललं म्हणून माणसाची तक्रार थोडीच बदलते? मला आत जायचं काम क्वचितच पडायचं, पण तशी गरजही नव्हती. घुमटाखाली मोठ्यानं बोललेलं कमानीतून निघून थेट लिंबापर्यंत यायचं. आतला चपराशी शिवय्या तहसीलदारांच्या टेबलाजवळ उभा राहून एकदा नाव पुकारायचा आणि अंगणातला झोपलेला माणूस दचकून उठायचा. शिवय्याला आपल्या आवाजाचा फार गर्व. मी त्याला एकदा म्हणलं, बाबा, तुझा आवाज न्हाई, जागीरदाराचा चुना हाय तो. तेव्हापासून त्यानं मला पानाला विचारणं सोडलं.

गोंगाटाचं मूळ होतं टेबलाच्या जागेत. तहसीलदारांचं टेबल बरोब्बर घुमटाच्या मधोमध. जागीरदाराची गादी तिथं असायची, म्हणून साहेबांचं टेबलही तिथंच. नाझर हणमंतराव, म्हणजे कचेरीच्या खुर्च्या-कपाटांचा आणि दौत-शाईचा कारभारी, तहसीलदारांना हात जोडून सांगत होता की साहेब, चार हात बाजूला घ्या, सगळ्या इमारतीचा कालवा इथंच येऊन पडायलाय. हणमंतरावानं कोपऱ्या-कोपऱ्यात टाळ्या वाजवून बघितलं होतं. पण साहेब नवे, तरुण, नांदेडकडचे. त्यांना वाटलं, मधली जागा सोडली तर लोक म्हणतील जागीरदाराइतका काही हा मोठा न्हाई. टेबल हललं नाही. मग तीन भाषांत 'शांतता राखा' अशी पाटी लागली. ती वाचून दाखवायला शिकलेला माणूस लागायचा आणि तो मोठ्यानं वाचायचा.

ह्या सगळ्यात सिद्धव्वाचं काम अडकलं.

सिद्धव्वा मन्नाएखेळ्ळीकडची. नवरा गेलेला, पोरगी नांदायला गेलेली. बसलिंगप्पांचं एक रान ती अन् तिचा नवरा कितीतरी वर्षं करत आले होते. नवरा गेल्यावर ती एकटी करायची. आता कूळ कायदा आला. ज्याची वहिती, म्हणजे जो रान कसतो, त्याचं नाव यादीत लागणार आणि मग त्याला रानातून कोणी उठवू शकणार नाही. नाव लागलं नाही, तर पाडव्याला रान मोकळं करून द्यायचं, हे बसलिंगप्पांनी तिला सांगून ठेवलेलं. त्यांचं म्हणणं, ती कूळ न्हाई, आमच्याकडं रोजानं येणारी बाई हाय. तिचा अर्ज मीच लिहिला होता. अर्ज चांगला होता, मी लिहिलेला म्हणून म्हणत नाही. पण अर्जाला माणसाचं तोंड लागतं आणि तिच्या बाजूनं बोलेल असं तोंड एकच होतं, बांधाशेजारचा तिप्पण्णा.

तिप्पण्णा खोटं बोलणारा गडी नव्हता. मग अडचण काय, तर भीड. त्याचं लग्न बसलिंगप्पांनी लावून दिलेलं. त्याचा बाप गेला तेव्हा मठातल्या अय्यांना घेऊन हेच सगळ्यांच्या आधी दारात आलेले. त्यांनी त्याला कधी दम दिला नाही, शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर काम सोपं झालं असतं, माणूस चिडून तरी खरं बोलतो. तिप्पण्णा मला म्हणायचा की कागदावर माझं नाव घालून काय पाहिजे ते लिवा, मी अंगठा देतो, पण बसलिंगप्पा अण्णांच्या देखत माझं तोंड उचलत न्हाई. मी म्हणलं, कायदा तोंडानं सांगितलेलं मागतो, बाबा.

आणि बसलिंगप्पा पक्के होते. तारखेला ते यायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. पूर्वेच्या कमानीतल्या बाकावर बसायचे. जवानीत जागीरदाराच्या बैठकीला ते यायचे, तेव्हाची त्यांची जागा तीच होती. तिथं बसलं की टेबलापाशी कुजबुजलेलं ऐकू येतं आणि तिथून साधं खाकरलं तरी ते टेबलापाशी उभ्या माणसाच्या कानातच खाकरल्यागत वाजतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या तारखेला तेच झालं. साहेबांनी तिप्पण्णाला विचारलं, हे रान कोण वहितं? तिप्पण्णानं तोंड उघडलं. बसलिंगप्पा बाकावर बसल्या बसल्या खाकरले. मोठ्यानं नाही, देवळात शिरताना माणूस खाकरतो तेवढंच. तिप्पण्णा म्हणाला, मला ठाव न्हाई. साहेबांनी मान वळवून आपल्या खुर्चीच्या मागं बघितलं, कारण खाकरणं तिथूनच आल्यासारखं वाटलं. मागं तर कोणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा खाकरणं आलं, पुन्हा ठाव न्हाई. तेवढ्यात टाइपरायटर सुरू झाला, कोणाचा तरी डबा फरशीवर पडला आणि साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. साक्ष पुढच्या तारखेला पुन्हा घेऊ म्हणाले आणि नाझराला बोलावून सांगितलं की तोवर ह्या आवाजाचं काहीतरी करा, नाहीतर मी बदली मागतो.

सिद्धव्वा बाहेर आली ती माझ्या सतरंजीशेजारी मटकन बसली. तिप्पण्णाला तिनं एक शब्द विचारला नाही. मलाच त्याचा इतका राग आला होता की दोन अर्ज मी खाडाखोड करून ठेवले.

आता हणमंतरावाचं सांगतो. हा माणूस हाताला काम दिलं की झोपत नाही. त्यानं आधी टाइपरायटर मागच्या खोलीत हलवला आणि त्याच्याखाली घडी करून घोंगडं घातलं. निम्मा ताप तिथंच गेला. मग घुमटाखालच्या टेबलाभोवती लाकडी चौकट उभी करून तिला जाड कापड लावावं, म्हणजे आवाज वर चढणारच नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. वरून कापडाची मंजुरी आली नाही. मंजुरी मागायची ती न येण्यासाठीच असते, त्यात नवल ते काय. पण कोठारात जुन्या राजवटीतलं सामान पडून होतं, रावटीचं कापड, पंख्याच्या झालरी, चपराशांचे जुने कोट. आणि अंगणात तारखेची वाट बघत बसलेल्या बाया. आमच्याकडच्या बाया रिकाम्या बसत नाहीत, बसल्या की चिंध्या जोडून वाकळ शिवायला काढतात. कानडीत तिला कौदी म्हणतात. हणमंतरावानं कोठार उघडून सगळं त्यांच्यापुढं टाकलं.

आठवडाभर लिंबाखाली सुई-दोरा चालला. माझ्या सतरंजीवर चिंध्या, दौतीत चिंध्या. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण बाया काय ऐकतात. सगळ्यांत चांगली वाकळ सिद्धव्वाची, टाके ज्वारीच्या ओळीगत सरळ. शेवटच्या कोपऱ्याचं तोंड शिवायच्या आधी तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, भाकरीचा तुकडा मोडला आणि वाकळीच्या पोटात घातला. तशी रीतच आहे इकडं. हणमंतराव हां हां करत धावला की कचेरीत उंदीर होतील, बाई. सिद्धव्वा त्याला म्हणाली,

"उपाशी वाकळ ऊब देत न्हाई, दादा. त्याच रानातल्या ज्वारीची हाय, जाऊ द्या तिला आत."

कचेरीत ऊब कोणाला पाहिजे होती, देव जाणे. पण हणमंतराव मागं सरला आणि मग बाकीच्या बायांनीही आपापल्या वाकळांना घास दिला.

चारी बाजूंनी वाकळा टांगल्या, वरून एक ताणली. घुमटाखाली तंबू ठोकल्यासारखं दिसायला लागलं. पूर्वेच्या बाजूला दारावर पडद्यासारखी सिद्धव्वाची वाकळ. साहेब आत बसले आणि पहिल्यांदा त्यांना आपल्या लेखणीचा आवाज ऐकू आला म्हणे. हणमंतराव बाकावर जाऊन खाकरला, आत आला, विचारलं, ऐकू आलं का? साहेब म्हणाले, काय? हणमंतरावाला आकाश ठेंगणं झालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिप्पण्णाला मी निरोप धाडला की आत आता अण्णांचं खाकरणं पोचत न्हाई, तू अन् साहेब दोघंच, ये. तो येतो म्हणाला.

तारीख उजाडली. बसलिंगप्पा आले, बाकावर बसले. बसल्या बसल्या एकदा खाकरले, सवयीनं. काहीच परत आलं नाही. त्यांनी वाकळांकडं असं बघितलं, की माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. तिप्पण्णा आला आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. बाकापासून जरा लांब, पण दिसेल असा. सिद्धव्वा माझ्याजवळ लिंबाखाली बसली, पुकाऱ्याकडं कान लावून. अंगणातून कितीदा तरी नाव ऐकलेलं तिनं. आत बसायला बायांना जागा नव्हती.

इथं सगळ्यांचीच अक्कल गहाण पडली होती. नाझराची, साहेबांची आणि शहाणा म्हणवून घेणाऱ्या माझीही. आवाज आत येऊ नये म्हणून वाकळा लावल्या, तर आतला बाहेर कसा जाणार? शिवय्या नेहमीप्रमाणे साहेबांच्या टेबलाजवळच उभा. पुकारा हुजुरांच्या समोरच करायचा असतो असं त्याला नोकरीला लागताना कोणीतरी शिकवलेलं आणि दारात येऊन हाळी मारायला तो काय बाजारातला भाजीवाला होता? छाती फुगवून त्यानं तंबूतच पुकारा केला. वाकळांनी तो पोटात घातला.

मला ऐकू आलं नाही, आईशप्पथ. मला फक्त दिसलं. बसलिंगप्पांनी मान किंचित वळवून वाकळीकडं बघितलं, मग अंगणातल्या सिद्धव्वाकडं बघितलं आणि खांद्यावरचं उपरणं नीट केलं. खांबाजवळचा तिप्पण्णा एकदम सरळ झाला. तोही सिद्धव्वाकडं बघायला लागला. मला वाटलं, काही तरी बोलणं चाललं असंल दोघांचं. सिद्धव्वानं सुईत दोरा ओवला.

थोड्या वेळानं पुन्हा तसंच. बसलिंगप्पांनी उपरण्याला हात लावला. तिप्पण्णाचा ओठ हलला. बसलिंगप्पा खाकरले. ते खाकरणं साधंच, उघड्यावरचं, पण तिप्पण्णाचा ओठ मिटला.

मग माझ्या ध्यानात आलं. पुकारा चालला होता, वाकळीतून दबका होऊन ओसरीपर्यंतच पोचत होता, लिंबापर्यंत नाही. तिसरा झाला की गैरहाजर, आणि गैरहाजर म्हणजे अर्ज निकालात, पाडव्याला रान मोकळं. मी उठायला गेलो तर मांडीवरची पेटी घसरली, दौत उलटली, पाय चिंध्यांत अडकला. माझ्याआधी कोणीतरी बोलायला पाहिजे होतं आणि बोलू शकणारा एकच माणूस तिथं होता. तो गप राहिला असता तर सुटला असता. ना साक्ष, ना अण्णांशी वाकडं, आणि दोषसुद्धा वाकळांच्या माथी गेला असता. तुमच्या-माझ्यासारखा गपच राहिला असता.

"अक्का!" तिप्पण्णा ओरडला. "ऊठ, नाव घ्यायलेत तुझं! पळ!"

सगळं अंगण वळून बघायला लागलं. सिद्धव्वाच्या मांडीवरून चिंध्या खाली पडल्या आणि ती वयाला न शोभेल अशी पळाली. बसलिंगप्पा बाकावरून उठले नाहीत. हळूच म्हणाले,

"तिप्पण्णा, तुला कोन इचारलं?"

"कोनी न्हाई इचारलं, अण्णा," तिप्पण्णा म्हणाला. आणि तो सिद्धव्वाच्या मागं आत गेला.

तिसरा पुकारा शिवय्याच्या तोंडातच राहिला. मी शाईच्या हातानं ओसरीवर चढलो, कारण आता मला बाहेर बसवेना. सिद्धव्वा तंबूत शिरली होती, तिप्पण्णा दारातच थांबला. साहेबांनी त्याला आत यायला सांगितलं. हणमंतराव त्याला आत ढकलायला बघत होता, पडदा पडला तर बरं म्हणून. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केलेला. पण तिप्पण्णानं ती वाकळ हातानं वर उचलली आणि आपल्या खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला, निम्मा आत, निम्मा बाहेर.

"आत कोंडल्यागत व्हायलंय, साहेब," तो म्हणाला. "हितूनच सांगतो."

साहेबांनी विचारलं, हे रान कोण वहितं?

बसलिंगप्पा खाकरले. ह्या वेळी जरा मोठ्यानंच.

"सिद्धव्वा वहिती," तिप्पण्णा म्हणाला. "तिचा नवरा व्हता तवा दोघं वहीत व्हते. आता एकली वहिती. नांगर तिचा, बी तिचं. माझ्या बांधाला बांध हाय, मी रोज बघतो."

वाकळ खांद्यावर होती, दार उघडं होतं आणि तंबूबाहेरच्या त्याच्या डोक्यावर घुमट मोकळा होता. ते बोलणं वर चढलं, गिलाव्यावरून फिरलं आणि कमानीतून बाहेर अंगणात गेलं. लिंबाखालच्या बाया उठून उभ्या राहिल्या, म्हणजे तिथंही पोचलं. बाकावर तर शब्द न् शब्द पोचला असंल, ती जागाच तशी. सिद्धव्वा तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला ॲक्शन झाल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. सिद्धव्वाचं नाव यादीत लागलं, पाडवा आला आणि गेला, ती आपल्या रानात आहे. शिवय्याला दारात येऊन पुकारा करायचा हुकूम झाला आणि तो आठवडाभर रुसला. पावसाळ्यात उंदरांनी वाकळांची पोटं फोडली, तेव्हा हणमंतराव कपाळाला हात लावून बसला. तिप्पण्णाच्या घरी कार्य निघालं तर बसलिंगप्पा आता येत नाहीत. तिप्पण्णाला ते लागतं. त्यानं मला तसं सांगितलंय.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर हणमंतराव मला बाजूला घेऊन म्हणाला की उद्धवराव, एवढं सगळं केलं, अन् शेवटी दार उघडं ठेवून बोलला की हो हा. खाकरणं तर ऐकू आलंच असंल त्याला. मी म्हणलं, आलं की. मलासुद्धा आलं. घुमटात दोन्ही आवाज एकदमच फिरायलते. पण कारकुनानं लिहिला, तो तिप्पण्णाचा.